भास्कराचार्य : गतीचा आणि अंतराचा हिशेब

भास्कराचार्यांचे नाव आपल्या कानावर शाळेपासून पडत आलेले असते. त्या नावाबरोबर दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि लीलावतीचे लग्न राहून गेले, ही एक. आणि न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी त्यांनी गुरुत्वाकर्षण शोधून काढले, ही दुसरी. पहिली गोष्ट दंतकथा आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि अर्धे सत्य कथेपेक्षा अधिक दिशाभूल करते. या दोन गोष्टींच्या गर्दीत ज्या कामासाठी हा पुरुष खरोखर मोठा ठरतो ते काम झाकून जाते. पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच प्रकरणात आपण ताशी किलोमीटरांचे सेकंदाला मीटर करतो आणि वरून सोडलेला दगड किती खाली आला ते काढतो. या दोन्ही हिशेबांशी भास्कराचार्यांच्या कामाचे जवळचे नाते आहे.

त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. हे त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडच्या जुन्या पंडितांमध्ये ही सवय दुर्मिळ, म्हणून तिचे कौतुक वाटते. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी, आणि तेच मुलाचे गुरू. गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे सांगितले आहे.

हे विज्जडविड कोणते, यावरून मात्र शतकभराहून अधिक काळ वाद चालू आहे आणि आपल्या या दोन भाषांच्या अंकाला तो वाद परका नाही. कानडी विद्वानांचा कल विजापूरकडे. २०१४ साली सरकारदप्तरी ज्याचे नाव विजयपुर झाले, ते हे शहर बेळगावपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, आणि भास्कराचार्यांच्या तरुणपणी तो सारा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. मराठी विद्वान बोट दाखवतात ते जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणकडे. तेथील भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे आणला. लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रमापासून सुरुवात होऊन महेश्वर, भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी ती उतरत येते. यादव राजा जैत्रपाल याने लक्ष्मीधराला सर्व शास्त्रांत निपुण जाणून याच नगरातून आपल्याकडे नेले, असेही त्यात आहे. विजापूर सह्याद्रीपासून लांब पडते, पाटण मात्र सह्याद्रीच्याच एका फाट्याला लागून आहे. त्यामुळे मला स्वतःला पाटणची बाजू जड वाटते. पण बाराव्या शतकातल्या पंडिताला आजच्या राज्यांच्या हद्दी लावणे हेच मुळात गमतीचे आहे. त्यांनी लिहिले संस्कृतात. त्याच शतकात राजादित्य नावाचा जैन गणिती कन्नडमध्ये ‘व्यवहारगणित’ लिहीत होता. गणित सगळीकडे तेच चालले होते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानतात. लीलावती म्हणजे अंकगणित. मोत्याची गोष्ट या ग्रंथात कोठेही नाही. फैजीने अकबराच्या काळी, १५८७ साली, लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. श्लोकांमधून लीलावतीला ज्या शब्दांनी हाका मारल्या आहेत त्यांतल्या काही तर बाप लेकीला मारील अशा वाटतही नाहीत. असो.

या ग्रंथाची सुरुवात कशाने होते हे पाहण्यासारखे आहे. देवाला वंदन झाले की लगेच मापांची कोष्टके. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचे योजन. नाणी, वजने, धान्याची मापे हीही याच पद्धतीने. माप ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, ही त्यांची शिस्त. आणि एका मापातून दुसऱ्या मापात जाण्याचे साधन म्हणजे त्रैराशिक. परमेश्वर जसा सर्व जगात भरून राहिला आहे तसे त्रैराशिक सर्व गणितात भरून आहे, अशा आशयाचे ते म्हणतात. आपण ताशी किलोमीटरांना पाच अठरांशाने गुणतो ते तरी दुसरे काय आहे? बेळगावहून निपाणीला पंचाहत्तर किलोमीटर दीड तासात गेलो तर ताशी पन्नास. पन्नासला पाच अठरांशाने गुणले की सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. हजार मीटर आणि छत्तीसशे सेकंद यांचेच हे त्रैराशिक. परीक्षेत पुष्कळ मुले पाच अठरांश पाठ म्हणतात आणि ऐन वेळी अठरा पंचमांशाने गुणून येतात, कारण त्यामागचे कोष्टक मनात नसते.

लीलावतीत गतीची उदाहरणेही आहेत. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ आहे, आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला आहे. मोर तिरपी झेप घेतो, दोघांची गती सारखी. तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा हात. खांबावरून खाली झेपावणाऱ्या मोराची गती येथे वाटभर एकच धरली आहे, हे लक्षात ठेवावे.

आता दुसरे उदाहरण, आणि ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. एक राजा शत्रूचे हत्ती धरून आणायला निघतो. पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, पुढे रोज ठरावीक वाढ करीत जातो, आणि सात दिवसांत ऐंशी योजने तोडतो; तर रोजची वाढ किती? उत्तर बावीस सप्तमांश योजन. याला ते श्रेढीव्यवहार म्हणतात. पहिले पद तो आदि, रोजची वाढ तो चय, दिवसांची संख्या तो गच्छ, आणि एकूण बेरीज ते सर्वधन. आजच्या भाषेत ही समांतर श्रेढी. थोडे थांबून पाहिले तर लक्षात येईल की हा राजा सारख्या प्रमाणात वेग वाढवीत चालला आहे. पडणारा दगड नेमके हेच करतो. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. आदि ४.९, चय ९.८, गच्छ ३, सर्वधन ४४.१ मीटर. लीलावतीचा नियम लावून हे उत्तर तोंडी निघते.

मग पडत्या दगडाचा हिशेब त्यांनी का केला नाही? याचे उत्तर त्यांच्या घड्याळात आहे. कालमापनाची साधने म्हणजे छाया आणि पाण्यात बुडणारे घटिकापात्र. दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे. घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे. बेळगाव जिल्ह्यातला गोकाकचा धबधबा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्याची उंची सुमारे ५२ मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर कड्यावरून सुटलेल्या पाण्याला तळाशी यायला सव्वातीन सेकंद लागतात आणि तळाशी त्याचा वेग सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटरांच्या आसपास होतो. सव्वातीन सेकंद म्हणजे एका पळाचा सातवा हिस्सा. घटिकापात्राला हा काळ दिसतच नाही. उलट बाजूने पाहायचे तर पूर्ण एक पळभर दगड पडत राहायला हवा असेल तर तो २८०० मीटरांहून अधिक उंचीवरून सोडावा लागेल! भास्कराचार्यांनी काळाचे विभाग पाडताना त्रुटीपर्यंत मजल मारली आहे. त्यांच्या कोष्टकाप्रमाणे त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग. पण कोष्टकात भाग पाडणे वेगळे आणि तो मोजता येणे वेगळे. पुढे गॅलिलिओने गोळा उतरत्या पन्हळीवरून सोडून त्याची घाई कमी केली आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून वेळ काढली. ते १६३८ साली ग्रंथात आले.

भास्कराचार्यांची सारी दृष्टी आकाशाकडे होती आणि तेथे वेळ भरपूर असतो. चंद्र एका दिवसात सरासरी ७९० कला आणि ३५ विकला सरकतो, असे त्यांचे मान. ही कोनाची गती झाली. ती अंतरात कशी आणायची? चंद्राची कक्षा त्यांच्या मते ३,२४,००० योजने. वर्तुळाच्या कला २१,६००. म्हणून एक कला म्हणजे बरोबर १५ योजने. पंधराने गुणले की रोजची गती ११,८५८ योजने आणि वर पाऊण. एककबदलाचे इतके सुबक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

ही योजने किलोमीटरांत आणताना मात्र जपावे लागते. पुष्कळ उत्साही लेखक येथे घसरतात. लीलावतीतल्या कोष्टकाने योजन बत्तीस हजार हातांचे, आणि हात दीड फुटाचा धरला तर योजन १४.६ किलोमीटरांचे होते. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४,९६७ योजने दिला आहे. त्या मापाने तो ७२ हजार किलोमीटरांच्या वर जातो, आणि खरा परीघ आहे ४० हजार. म्हणजे ज्योतिषाच्या हिशेबातले योजन लहान, सुमारे ८ किलोमीटरांचे, धरले तरच मेळ बसतो. पृथ्वीचा व्यास १,५८१ योजने हा आकडा सहाव्या-सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताकडून आलेला आहे. ब्रह्मगुप्ताने त्यावरून परीघ पाच हजार काढला होता. भास्कराचार्यांनी परीघ व व्यास यांचे अधिक चांगले गुणोत्तर, ३९२७ भागिले १२५०, वापरून तो ४,९६७ केला. तेव्हा आठ किलोमीटर धरू. चंद्राचा वेग ताशी सुमारे ३,९५० किलोमीटर, पाच अठरांशाने गुणून सेकंदाला सुमारे १,१०० मीटर. आजचे सरासरी मान सेकंदाला १,०२२ मीटर आहे. आठ शतकांपूर्वीच्या पंडिताला याहून अधिक जवळ यायला सांगणे हा अन्याय ठरेल.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम या सरासरीच्या पलीकडचे आहे. चंद्र कधी दिवसाला बारा अंशांपेक्षा थोडा कमी चालतो, तर कधी पंधरांच्या वर. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतले अंतर काढून त्याला दिवसाची गती म्हणणे त्यांनी स्थूल ठरवले. तिथी केव्हा संपते, ग्रहण कोणत्या घटिकेला लागते, हे सांगायचे तर त्या क्षणाची गती हवी. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. निपाणीच्या मोटारीचा सरासरी वेग ताशी पन्नास असला तरी काकतीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हरसमोरचा काटा सत्तरीवर असतो. हा काटा म्हणजे तात्कालिक गती. तिच्यासाठी ज्या रेषेत बदल होतो तिच्या ज्येचे अंतर काढताना कोटिज्येने गुणावे, हा नियम त्यांनी दिला. ज्या कोणी अकरावीत कलनशास्त्र शिकला त्याला साइनचे कोसाइन होते हे आठवेल. हा नियम दहाव्या शतकात मुंजालानेही वापरला होता. भास्कराचार्यांनी त्याचे कारण उलगडून दाखवले आणि आणखी एक गोष्ट सांगितली : ग्रहाच्या फलाची वाढ जेथे कळसाला पोहोचते तेथे गतीतली दुरुस्ती शून्य होते. कमाल मूल्याच्या ठिकाणी अवकलज शून्य, हे आपण फळ्यावर लिहितो त्याचेच हे बीज.

काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवणारे बापूदेव शास्त्री हे मूळचे पुण्याचे. त्यांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रथम युरोपीय विद्वानांपुढे मांडले. इंग्रज गणिती स्पॉटिसवूड यांनी दावा थोडा वाढीव असल्याचे म्हटले, तरी पद्धतीतले साम्य मान्य केले. मला हा निवाडा योग्य वाटतो. सीमेची कल्पना भास्कराचार्यांनी मांडलेली नाही. पण क्षणाच्या गतीची गरज त्यांना पक्की कळली होती.

आता राहिले गुरुत्वाकर्षण. गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे, त्या शक्तीने ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे खेचते आणि ती वस्तू पडल्यासारखी दिसते; पण पृथ्वी स्वतः कोठे पडणार, सभोवती आकाश सारखेच आहे. विचार सुरेख आहे. ब्रह्मगुप्तानेही असे काही आधी म्हटले होते. पृथ्वी सतत खाली पडत आहे असे मानणाऱ्या बौद्धांना त्यांनी याच प्रकरणात उत्तर दिले आहे. वर फेकलेली वस्तू परत पृथ्वीवर येते हे रोज पाहूनही पृथ्वी खाली जाते असे कसे म्हणता, असा त्यांचा प्रश्न. आणि टीकेत ते कारण देतात की जास्त जड वस्तू जास्त लवकर पडते आणि पृथ्वी तर फारच जड, म्हणून बाण तिला कधीच गाठू शकला नसता. येथे ते चुकले. हीच समजूत गॅलिलिओने मोडून काढली. जड आणि हलकी वस्तू, हवा नसेल तर, बरोबरच पडतात. न्यूटनआधीचा न्यूटन म्हणून भास्कराचार्यांची मिरवणूक काढणाऱ्यांनी मूळ ग्रंथाचे हे पान बहुधा उलटलेले नसते.

तरीही एक हिशेब करून पाहावासा वाटतो. आकडे सगळे त्यांचेच घेऊ. चंद्राला कोणी ओढले नसते तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. एका मिनिटात तो त्या सरळ रेषेपासून पृथ्वीकडे किती पडतो? चाललेल्या अंतराचा वर्ग करायचा आणि कक्षेच्या व्यासाने भागायचे. ११,८५८.७५ ला १,४४० ने भागले की मिनिटाला ८.२३५ योजने. वर्ग ६७.८. चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने, व्यास त्याच्या दुप्पट. भागाकार ०.०००६५८ योजन, म्हणजे आठ किलोमीटरांच्या मापाने सव्वापाच मीटर. जमिनीजवळ दगड एका सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र साठ सेकंदांत जवळजवळ तेवढाच पडतो. साठ पट वेळ, म्हणजे ओढ साठाच्या वर्गाने, छत्तीसशेपटीने कमी. आणि चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठ पट दूर. भास्कराचार्यांच्या आकड्यांनी ते अंतर पासष्ट पट येते. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जो पडताळा घेतला तो हाच. लीलावतीतले लांब योजन घेतले असते तर उत्तर साडेनऊ मीटर आले असते आणि सगळा मेळ बिघडला असता.

चंद्राच्या बाबतीत हे जमते याचे कारण त्याचे अंतर लंबनावरून, प्रत्यक्ष वेधांनी, काढता येत होते. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात या जुन्या गृहीतावर सूर्याचे अंतर मात्र ६,८९,३७७ योजने, म्हणजे चंद्राच्या अवघे तेरा पट आले. खरे ते ३९० पटींच्या जवळ आहे. ओढणारी पृथ्वी, वाढत्या चालीची श्रेढी आणि क्षणाची गती, तिन्ही एकाच माणसाच्या ग्रंथांत होत्या. त्यांना एकत्र आणणारा प्रश्न मात्र तेथे विचारला गेला नाही. त्यांच्यानंतर पाचशे वर्षे भारतात या ग्रंथांवर टीकांमागून टीका होत राहिल्या आणि तरीही कोणी तो विचारला नाही. याची खंत मला मिरवणुकीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पंचांग करणाऱ्यांना रोजचा हिशेब सोपा व्हावा म्हणून हा छोटा ग्रंथ. ज्याने सूक्ष्म गतीचे शास्त्र मांडले त्याने म्हातारपणी गावोगावच्या जोशांसाठी सोपी कोष्टके करून द्यावीत, हे मला फार आवडते. लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी मुख्य पंडित झाला, आणि नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी. चांगदेवाने पाटणला मठ काढला, तो आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. निकुंभ कुळातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, आणि शके ११२८ म्हणजे १२०७ साली ते दगडावर कोरले गेले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. उत्पन्नाच्या नोंदी तेवढ्या जुन्या मराठीत आहेत. पेठेत विकायला येणाऱ्या मालावरचा हिस्सा, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, चालतील तितक्या तेलघाण्यांमागे एक एक पळी तेल. आणि पाटणात जे काही मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, मापणावळ निम्मी मठाला आणि निम्मी मापाऱ्याला.